इंडोनेशियाच्या पासपोर्टवर परदेशी फिरायला जायचंय? व्हिसाची फाइल अशी लावा

आमच्या घरात दोन रंगांचे पासपोर्ट आहेत. माझा गडद निळा, भारताचा. नवऱ्याचा आणि सासू-सासऱ्यांचा मोरपंखी, इंडोनेशियाचा. जकार्तात संसार करताना घरच्यांच्या, नणंदेच्या, नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींच्या व्हिसाच्या फायली मी आमच्या जेवणाच्या टेबलावर लावत आले आहे. इंडोनेशियन सून किंवा जावई असलेल्या मराठी घरांतून 'हिला घेऊन युरोपला जायचंय, कागद काय लागतील?' असे फोनही येतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढलेल्या माणसाला वाटतं, हेही तसंच असणार. बरंचसं तसंच आहे. पण नावाची पद्धत, कुटुंबाचे कागद आणि बँकेत पैसा येण्याच्या वाटा इथल्या वेगळ्या आहेत आणि फाइल अडते ती नेमकी तिथेच.

एक गोष्ट मात्र इतक्या फायलींतून पक्की कळली. फायलीतल्या प्रत्येक कागदाने दुसऱ्या कागदाला दुजोरा दिला पाहिजे. रजेच्या पत्रातली तारीख विमानाच्या तारखेशी, पगाराचा आकडा बँकेतल्या आकड्याशी, पासपोर्टवरचं नाव लग्नाच्या कागदावरच्या नावाशी. खाली जे जे सांगितलंय ते सगळं या जुळवाजुळवीसाठीच आहे.

आधी बघा, व्हिसा लागतो का

सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपिन्स, कंबोडिया या शेजारी देशांत इंडोनेशियन नागरिकाला थोड्या दिवसांच्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. हाँगकाँगमध्ये ३० दिवस तसंच राहता येतं. दूरचे म्हणाल तर चिली, पेरू आणि मोरोक्को. मोरोक्कोची सवलत इथले जुने लोक कौतुकाने सांगतात, कारण तिचं मूळ १९६० साली राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी मोरोक्कोची राजधानी रबातला दिलेल्या भेटीत आहे. रबातमध्ये त्यांच्या नावाचा रस्ताही आहे.

घरात दोन देशांचे पासपोर्ट असतील तर प्रत्येकाचा नियम वेगळा बघा. हाँगकाँगला नवरा नुसता पासपोर्ट घेऊन निघतो, मला मात्र भारतीय म्हणून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. 'त्याला लागत नाही म्हणजे हिलाही लागणार नाही' असं धरून तिकिटं काढलेली जोडपी मी पाहिली आहेत. व्हिसा लागो वा न लागो, प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असू द्या. नाहीतर विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवते.

युरोपातले शेंगेन देश (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणारे), ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया यांना व्हिसा लागतो. जपानचं प्रकरण मजेशीर आहे, त्यावर पुढे येते.

पासपोर्ट काढतानाच इ-पासपोर्ट घ्या

इंडोनेशियात साधा आणि चिप बसवलेला, म्हणजे इ-पासपोर्ट, असे दोन प्रकारचे पासपोर्ट निघतात. चिपवाल्याच्या कव्हरवर खाली छोटी सोनेरी खूण असते. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे साधा पासपोर्ट ५ वर्षांसाठी साडेतीन लाख रुपिया आणि १० वर्षांसाठी साडेसहा लाख रुपिया. इ-पासपोर्ट ५ वर्षांसाठी साडेसहा लाख आणि १० वर्षांसाठी साडेनऊ लाख. लाखांचे आकडे ऐकून घाबरू नका, साडेनऊ लाख रुपिया म्हणजे साधारण पाच हजार भारतीय रुपये. माझं स्पष्ट मत, इ-पासपोर्टच घ्या. जपानला एकदा जरी जाऊन आलात तरी वरचे पैसे वसूल होतात.

अर्ज 'एम-पासपोर' या सरकारी ॲपवर करायचा. कचेरी आणि तारीख निवडली की पैसे भरण्याचा कोड येतो. मुदतीत भरले नाहीत तर तारीख हातची जाते. ठरल्या दिवशी मूळ कागद घेऊन कचेरीत जायचं: ओळखपत्र, कार्तू कलुआर्गा (कुटुंबपत्र, त्यावर पुढे येते) आणि जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा लग्नाचं पुस्तक यांपैकी एक. आधीचा पासपोर्ट असेल तर तो आणि ओळखपत्र एवढ्यावर बहुधा भागतं. तिथेच फोटो, बोटांचे ठसे आणि छोटी मुलाखत होते.

त्या मुलाखतीला हलक्यात घेऊ नका. दलालांनी फसवून परदेशी कामाला नेलेल्या माणसांची दुःखं या देशाने फार पाहिली आहेत. त्यामुळे एकटी तरुण मुलगी किंवा गावाकडून आलेला मुलगा पहिल्यांदा पासपोर्ट काढत असेल तर अधिकारी खोदून विचारतात: कुठे, कशाला, कुणाबरोबर, पैसे कोण देणार? 'विसाता', म्हणजे पर्यटन, एवढं एका शब्दात सांगून गप्प बसू नका. देश, महिना, बरोबर कोण हे सरळ सांगा.

पासपोर्ट हातात आला की आणखी एक गोष्ट बघा, सहीची जागा. काही वर्षं निघालेल्या पासपोर्टांत सहीचा रकानाच नव्हता आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मनीने असे पासपोर्ट स्वीकारणं थांबवलं. तिकिटं काढून बसलेल्या लोकांची मोठी धावपळ झाली. मग इमिग्रेशन कचेऱ्यांतून आतल्या पानावर सहीची नोंद करून मिळू लागली. जुना पासपोर्ट वापरत असाल तर आधी ते पान उघडून बघा.

नाव: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव हा तीन खांबांचा मांडव असतो. जावा बेटावर आडनावाची पद्धतच नाही. सुकार्नो आणि सुहार्तो, या देशाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, दोघांचंही नाव एकाच शब्दाचं. माझ्या नवऱ्याचंही तसंच. २०२२ पासून नव्या नोंदणीत किमान दोन शब्दांचं नाव हवं असा नियम झाला, पण त्याआधी जन्मलेली कोट्यवधी माणसं एका शब्दाचीच आहेत.

व्हिसाच्या फॉर्मवर मात्र आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. अमेरिकेच्या फॉर्मवर एकमेव नाव आडनावाच्या रकान्यात लिहायचं आणि नावाच्या रकान्यात 'एफएनयू' ही तीन इंग्रजी अक्षरं. पहिलं नाव माहीत नाही, असा त्याचा अर्थ. इतर देशांच्या फॉर्मच्या सूचना वेगवेगळ्या असतात, त्या त्या देशाच्या वाचा आणि त्यातलंच करा.

दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर फोड कशी करायची? इंडोनेशियन पासपोर्टवर पूर्ण नाव एकाच ओळीत छापलेलं असतं, आडनाव वेगळं काढलेलं नसतं. पासपोर्ट उघडून फोटोच्या पानावर अगदी खाली बघा. यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, इंग्रजी अक्षरं आणि बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर जे नाव येतं आणि ज्याच्या पुढे दोन टोकं लागोपाठ येतात, यंत्राच्या लेखी ते आडनाव. त्यापुढचं सगळं नाव. फॉर्म, तिकीट, विमा, हॉटेल सगळीकडे तीच फोड ठेवा. नणंदेने तिकिटावर एक आणि व्हिसाच्या फॉर्मवर दुसरी फोड केली होती, विमानतळावर अर्धा तास गेला.

संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एका शब्दाच्या नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं बंद केलं. हा नियम तेव्हा भारतातही गाजला होता. दुबईमार्गे युरोपला जाताना शहरात दोन दिवस थांबायचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या. उमरा यात्रेला जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर आतल्या पानात वडील-आजोबांची नावं जोडून घेण्याची सोय इमिग्रेशन कचेरीत असते, पण ती नोंद आतल्या पानावरची. ती चालेल की नाही हे ज्या देशात जायचं त्या देशाला विचारून ठरवा.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत दुसरी अडचण येते, स्पेलिंगची. डच काळात 'उ' लिहायला इंग्रजी ओ आणि ई वापरत, ते १९४७ मध्ये बदललं. १९७२ च्या सुधारणेत 'च' आणि 'ज' ची जुनी अक्षरंही बदलली. त्यामुळे सासऱ्यांच्या लग्नाच्या पुस्तकात एक स्पेलिंग, ओळखपत्रावर दुसरं. माणूस तोच, उच्चार तोच, पण परक्या देशाच्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं पत्र कलुराहानमधून, म्हणजे वॉर्ड कचेरीतून मिळतं. ते घ्या, भाषांतर करून जोडा. आम्ही सासऱ्यांसाठी हे पत्र एकदा काढलं आणि पुढच्या प्रत्येक फायलीत त्याची प्रत लावली.

घरचे आणि कामाचे कागद

कार्तू कलुआर्गा म्हणजे कुटुंबपत्र. इंग्रजी अक्षरांचा इंडोनेशियन उच्चार करून त्याला सगळे 'काका' म्हणतात, मराठी कानाला सुरुवातीला गंमत वाटते. आपल्या रेशनकार्डासारखी सगळ्या घराची नोंद त्यात असते: कुटुंबप्रमुख, नाती, जन्मतारखा, व्यवसाय. नवीन काका साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर क्यूआर कोडसह छापून येतं, ती झेरॉक्स नव्हे, मूळच प्रत आहे. त्यात व्यवसायाचा रकाना बघायला विसरू नका. वर्षानुवर्षं कुणी तो बदललेला नसतो. नोकरीचं पत्र 'व्यवस्थापक' सांगतं आणि काका 'विद्यार्थी'. दुकचापिल या नागरी नोंदणी कचेरीत तो बदलून मिळतो.

लग्नाचा कागद धर्माप्रमाणे वेगळा असतो. मुस्लिम जोडप्यांकडे नवरा-बायकोसाठी दोन वेगळ्या रंगांची लग्नपुस्तकं असतात, इतरांना नागरी नोंदणी कचेरीचा दाखला मिळतो. दोन्ही इंडोनेशियन भाषेत असतात, म्हणून इंग्रजी भाषांतर लागतं. ते 'पनर्जमाह तरसुम्पाह', म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. घरी केलेलं भाषांतर काही देश चालवतात, काही नाही. पुन्हा हेलपाटा नको असेल तर एकदाच नीट करून स्कॅन जपून ठेवा.

नोकरदारासाठी 'सुरात कतरांगान कर्जा' हा फायलीचा कणा. इथे 'कर्जा' म्हणजे काम, हे कामाचं प्रमाणपत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, पद, रुजू झाल्याची तारीख, पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि परत आल्यावर ही व्यक्ती कामावर रुजू होईल हे वाक्य. सही करणाऱ्याचं नाव आणि ऑफिसचा चालू फोन नंबर हवाच, कारण वकिलातीतून खरोखर फोन येतो. एकदा नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या पत्रावर रजा २० तारखेपर्यंत आणि तिकीट २२ तारखेचं होतं. मध्ये शनिवार-रविवार होते म्हणून त्याला काही वाटलं नाही. मी पत्र बदलून आणायला लावलं.

दुकान, वारुंग (छोटी खानावळ) किंवा छोटा व्यवसाय असणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्याकडे पैसा असतो आणि कागद नसतो. त्यांनी सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून व्यवसाय नोंदणी क्रमांक काढावा. वॉर्ड कचेरीतून व्यवसाय चालू असल्याचं पत्र घ्यावं. करक्रमांक आणि वार्षिक विवरणपत्र जोडावं, दुकानाचे दोन फोटोही लावावेत. गृहिणीसाठी नवऱ्याचं खर्चाची हमी देणारं पत्र, त्याचं कामाचं पत्र, त्याचं बँक स्टेटमेंट आणि लग्नाचा कागद असे चार कागद साखळीसारखे लागतात. एक निसटला की बाकीचे लोंबकळतात.

पैसा: किती, आणि कुठून आला

'खात्यात पाच कोटी रुपिया असले की युरोप पक्का' असले आकडे इथे चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत फिरत असतात. त्यापेक्षा सरळ हिशेब करा. किती दिवस, रोजचा खर्च किती, विमान आणि हॉटेलचे पैसे आधीच दिलेत का. काही शेंगेन देश रोजच्या खर्चाचा आकडा जाहीर करतात. फ्रान्स हॉटेलचं आरक्षण असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो धरतो. त्यावर थोडी गाठ जास्त असावी आणि सहलीनंतर खातं कोरडं पडू नये, इतकं बघा.

तीन महिन्यांचं 'रेकनिंग कोरान', म्हणजे बँकेचं स्टेटमेंट लागतं. बँकेच्या शाखेतून शिक्क्यासह घेतलेलं उत्तम. अधिकारी शेवटच्या शिलकीआधी त्या तीन महिन्यांची चाल बघतो: पगार ठरल्या तारखेला येतो का, घरखर्च जातो का, मध्येच मोठी रक्कम कुठून आली का.

या मोठ्या रकमेने माझ्या नणंदेचा पहिला अर्ज बुडवला. इथे बायकांची 'अरिसान' असते. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी उडवायची, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. सरळ आपली भिशीच. नणंदेचं नाव अर्जाच्या आठ दिवस आधी निघालं आणि चार कोटी रुपिया, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास, एका दिवसात खात्यात जमा झाले. तिला वाटलं, चांगलंच झालं, शिल्लक भरघोस दिसेल. अधिकाऱ्याला दिसलं ते असं की अर्जापुरते कुणीतरी पैसे भरलेत. अर्ज नाकारला गेला. ती रात्रभर रडली आणि मला आधी विचारलं नाही म्हणून मलाच वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या वेळी आम्ही अरिसानच्या वहीच्या पानांचे फोटो काढले. त्यात तारखा, बारा जणींची नावं आणि महिन्याची रक्कम स्पष्ट दिसत होती. तिच्या खात्यातून दर महिन्याला गेलेल्या हप्त्यांखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि एका पानाचं साधं पत्र लिहिलं. त्या वेळी व्हिसा मिळाला.

दुसरी अशी रक्कम म्हणजे 'तेहाएर', सणाचा बोनस. ईदच्या किमान सात दिवस आधी तो नोकरदाराला देणं इथे मालकावर बंधनकारक आहे. तुमचं स्टेटमेंट त्या महिन्यातलं असेल तर एका महिन्यात पगार दुप्पट दिसेल. पगाराच्या पावतीवर बोनस वेगळा लिहिलेला असतो, ती पावती लावा. जमीन विकली, सोनं मोडलं, भावाने उसने परत केले, काहीही असो, मोठ्या रकमेशेजारी तिचा कागद ठेवा.

एक बारीक पण नेहमीची चूक सांगते. इंडोनेशियात हजाराचं चिन्ह टिंब आणि दशांशाचं स्वल्पविराम, आपल्या बरोबर उलट. ऑनलाइन फॉर्ममध्ये पगाराचा आकडा भरताना टिंब, स्वल्पविराम काहीच न घालता नुसते अंक लिहा. १५.०००.००० लिहिल्यावर फॉर्मने ते पंधरा समजलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

फोटो

सासूबाईंना, म्हणजे आमच्या इबूंना, मी फोटो आणायला सांगितलं तर त्या निळ्या पडद्यासमोरचा फोटो घेऊन आल्या. इथल्या ओळखपत्राचा रिवाज असा की जन्मवर्ष विषम असेल तर मागे लाल, सम असेल तर निळा. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला न विचारता तसाच काढतो. व्हिसाला पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी लागते. शेंगेनसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेसाठी ५१ बाय ५१ मिलिमीटर आणि चष्मा काढून. हिजाब चालतो, फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा सावलीशिवाय पूर्ण दिसला पाहिजे. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा हिजाब मात्र टाळा, डोक्याची कडाच दिसत नाही.

शेंगेन: कुठल्या देशाकडे अर्ज

एका व्हिसावर २९ देश. पण अर्ज कुणाकडे हे तुमच्या आवडीवर नसतं. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरता तिथे. नेदरलँड्समध्ये सहा रात्री आणि पॅरिसमध्ये तीन असतील तर डच वकिलात, मग विमान पॅरिसला उतरलं तरी. 'अमुक देश लवकर देतो' म्हणून तिथे अर्ज करून भलतीकडे आठवडा काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पुढच्या अर्जात ते उघड होतं.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडचण असेल तर ४५ पर्यंत. जून-जुलैच्या शाळांच्या सुट्ट्या आणि ईद यांच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून तीन-चार महिने आधीच तारीख घ्या. फी प्रौढाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५, त्याखाली माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि त्यात सहलीचा पहिला आणि शेवटचा दिवस दोन्ही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत निघालेला, परतल्यावर तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं.

विमानाचं तिकीट विकत घेऊन ठेवायची घाई नको, आरक्षण पुरतं. हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या, पण व्हिसा मिळायच्या आधी रद्द करू नका.

बोटांचे ठसे ५९ महिने जपले जातात, त्यामुळे पुढच्या अर्जात बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. आणि एक आनंदाची बातमी: जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केलं की दुसऱ्यांदा येणाऱ्या इंडोनेशियन नागरिकांना अनेकदा ये-जा करण्याचा व्हिसा मिळू शकेल. म्हणून पहिल्या व्हिसाच्या तारखा काटेकोर पाळा आणि तो व्हिसा असलेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नका.

जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन

जपानने १ डिसेंबर २०१४ पासून इंडोनेशियन इ-पासपोर्टधारकांना व्हिसामाफी दिली आहे. मात्र आधी नोंदणी करावी लागते, ती आता ऑनलाइन होते. एकदा नोंदणी झाली की तीन वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालते आणि प्रत्येक वेळी १५ दिवस राहता येतं. नवा पासपोर्ट घेतला की नवी नोंदणी. पासपोर्ट साधा असेल तर नेहमीचा व्हिसा, दिवसवार कार्यक्रमाच्या तक्त्यासह.

अमेरिकेला डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, १८५ डॉलर फी आणि जकार्ता किंवा सुराबाया इथे समोरासमोर मुलाखत. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, आठवून खरी लिहा. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि जाडजूड फाइल बहुतेकदा कुणी उघडतही नाही. कुठे, का, किती दिवस, परत का येणार, एवढी उत्तरं स्वतःच्या शब्दांत, एकेका वाक्यात देता आली पाहिजेत. इंग्रजी कच्चं असेल तर इंडोनेशियन भाषेत बोलायला संकोच करू नका.

ऑस्ट्रेलियाचा अर्ज पूर्ण ऑनलाइन असतो, पर्यटक व्हिसाच्या प्रकाराचं नाव उपवर्ग ६००. ठसे द्यायला मात्र केंद्रावर जावं लागतं. पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत, व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. त्यामुळे मध्येच पासपोर्ट बदलला तर कळवायला हवं. लंडन शेंगेनमध्ये येत नाही, ब्रिटनसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी. पॅरिसहून रेल्वेने सव्वादोन तासांत जाता येतं म्हणून हे विसरणारे खूप आहेत.

केंद्रावरचा दिवस, दलाल आणि नकार

जकार्तात बरीचशी व्हिसा केंद्रं कुनिंगान भागातल्या मॉलमध्ये आणि उंच इमारतींत आहेत. वाहतुकीचा भरवसा नाही, अर्धा तास आधी पोचा. काउंटरवरचे कर्मचारी कागद मोजून पुढे पाठवतात, निर्णय वकिलात घेते. 'हा कागद नाही' असं ते म्हणाले तर वाद न घालता तो कुठल्या यादीत आहे ते शांतपणे विचारा.

फॉर्म भरून देणाऱ्या सेवा वाईट नाहीत. पण 'चालो', म्हणजे दलाल, बँकेचं स्टेटमेंट 'तयार करून देतो' म्हणाला तर तिथून निघा. खोट्या कागदावर ब्रिटन १० वर्षांपर्यंत आणि ऑस्ट्रेलिया ३ वर्षं दार बंद करू शकतात. दलालाचं काही जात नाही, पासपोर्टवरचं नाव तुमचं असतं.

नकार आला तर शेंगेनच्या पत्रात कारणांपुढे खूण केलेली असते. कारण वाचा, त्या एका कारणाचं उत्तर देणारे कागद गोळा करा आणि मग पुन्हा अर्ज करा. अपिलाचा हक्कही असतो. अमेरिकेच्या नकारावर अपील नाही, नवाच अर्ज. पुढे कुठल्याही फॉर्मने 'आधी नकार आलाय का?' विचारलं तर 'हो' लिहा. नकार लपवलेला सापडणं हे नकारापेक्षा फार महागात पडतं.

आणि इबूंना सांगलीला आणायचं असेल तर

इंडोनेशियन नागरिकांना भारताचा इ-टुरिस्ट व्हिसा मिळतो. ३० दिवस, १ वर्ष किंवा ५ वर्षं, असे प्रकार आहेत. ३० दिवसांच्या व्हिसासाठी किमान चार दिवस आधी अर्ज करावा लागतो, मी दोन आठवडे धरते. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो. शोधल्यावर वर येणारी, हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं भरमसाट पैसे घेतात.

हा फॉर्म इंडोनेशियन माणसाला अनोळखी वाटतो. आई-वडिलांची नावं, जन्मगावं, अंगावरची ओळखीची खूण, गेल्या दहा वर्षांत भेट दिलेले देश, भारतातल्या एका ओळखीच्या व्यक्तीचा पत्ता आणि फोन असं सगळं विचारतात. इबूंना त्यांच्या वडिलांचं जन्मगाव आठवायला जावातल्या सोलो शहरात मावशीला फोन लावावा लागला. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी ही माहिती एका कागदावर लिहून घ्या. भारतातला पत्ता म्हणून माझ्या आईचा दिला आणि आईला तसं आधी सांगून ठेवलं. फोटो चौकोनी लागतो, मागे पांढरं. इ-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच येता येतं. मुंबई, पुणे, गोवा त्यांत आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन आगमन पत्रही भरायचं असतं. इबूंच्या पिशवीत मी इ-व्हिसाची छापील प्रत, परतीचं तिकीट आणि आईच्या घरचा पत्ता इंग्रजीत लिहिलेला कागद असे तीन कागद एकत्र टाचून ठेवते. मुंबईच्या काउंटरवर त्या काही न बोलता ते पुढे करतात.